एल. सी. टेटम यांचं पहिलं नाव

वेल्मा टेटमच्या चिकाटीपुढे आमच्या चर्चच्या पाद्र्यांनीही हात टेकले होते. जॉर्जियातल्या आमच्या गावात कुणाच्याही अंत्यविधीला गेलं की मृताचा फोटो आणि जीवनवृत्त छापलेली पुस्तिका मिळते. वेल्माने घरोघरी फिरून जुन्या पुस्तिका मागून आणल्या आणि टेकडीवरच्या विद्यापीठात शंभर वर्षांत राबलेल्या आपल्या काळ्या माणसांची यादी करायला घेतली. विद्यापीठाच्या दप्तरात ही माणसं 'म्हातारा सॅम', 'धोबीण मॅटी' अशीच नोंदलेली. वेल्माला ते खपत नसे. पूर्ण नाव मिळेपर्यंत ती कुणाला सोडायची नाही. माझ्या आजीच्या मधल्या नावासाठी तिने माझ्या नव्वदीच्या मावशीला दोनदा झोपेतून उठवलं होतं.

अडली ती स्वतःच्या वडिलांपाशी. अडतीस वर्षं त्यांनी तिथल्या रसायनशाळेत प्रयोगांची मांडणी केली, प्राध्यापकांच्या चुका गुपचूप निस्तरल्या. नाव विचारलं की 'एल. सी.' एवढंच म्हणत. पहिलं नाव कळलं की गोरी पोरंटोरंही मिस्टर न लावता त्याच नावाने पुकारणार, म्हणून आमच्याकडचे कितीतरी पुरुष नुसती आद्याक्षरं सांगत. मग गोऱ्यांनी 'ए पोरा' सुरू केलं, ते वेगळंच. वेल्माच्या आईने त्यांच्या अंत्यविधीच्या पुस्तिकेतही एल. सी. एवढंच छापलं होतं.

आता विद्यापीठाच्या भिंतीवर नावांची पाटी लागणार होती. ते काम पाहणारी रेनिटा आमच्याच चर्चमधली मुलगी. ती अदबीने म्हणाली, की पूर्ण नाव नसेल तर नोंद नाही, हा नियम वेल्मानेच घातलाय. वेल्माला नाव ठाऊक होतं. दोन रविवार ती प्रार्थना संपताच कुणाशी न बोलता घरी गेली. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

सोमवारी ती मला घेऊन रेनिटाकडे गेली.

"नाव मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ज्यांच्यापासून त्यांनी ते जन्मभर जपलं, त्यांच्याच भिंतीवर मी कशी टांगू? मिस्टर एल. सी. टेटम, असं लिही."

"मिस वेल्मा, मिस्टर आपण कुणालाच लावलेलं नाही. तिथल्या कुलगुरूंच्या पाटीवरसुद्धा नाही."

"कुलगुरूंना साठीत कुणी 'ए पोरा' म्हणून बोलावलं होतं का?"

रेनिटाने कागद पुढे ओढले आणि ती पहिल्यापासून एकेका नावाआधी मिस्टर, मिसेस, मिस लिहायला लागली. वेल्मा शेजारी बसून कुणाचं लग्न झालं होतं, कुणाचं नव्हतं, ते सांगत राहिली.