उगवा फाट्याचं झाड

अकोल्याच्या जुन्या शहरात गोदाबाई कुठे राहतात असं विचारलं तर कुणी चटकन सांगणार नाही. सायकलवाल्या नर्सबाई म्हटलं, की माणूस घरापर्यंत आणून सोडतो. त्या माझ्या मोठ्या जाऊ. मी त्यांना नुसतं बाई म्हणते, लग्न होऊन आले तेव्हापासून. एकाच आवारात आम्हा दोघींची घरं, मधे तुळस, आणि तुळशीजवळ भिंतीला टेकलेली त्यांची काळी लेडीज सायकल.

बाई आरोग्य खात्यात नर्स होत्या. पूर्णेकाठच्या खेड्यांमध्ये लेकरांना लस द्यायची, बाळंतिणी पाहायच्या, आणि सगळं सायकलवर. कॅरिअरला लशीचा डबा बांधलेला आणि दोरीत खोचलेली एक काडी. ती काडी कशाला, हे ज्यानं काळ्या मातीत सायकल चालवली त्यालाच कळेल. पावसाळ्यात चिखल मडगार्डात असा भरतो की चाक फिरतच नाही. उतरायचं, काडीनं चिखल काढायचा, पुन्हा बसायचं. खेड्यातल्या बाया थट्टा करायच्या, "काय वं नर्सबाई, सायकल तुमाले आणते का तुमी सायकलीले?"

"आज मीच आणली तिले. बिमार होती बिचारी."

नोकरी संपली तरी सायकल सुटली नाही. भाजीला सायकल, भजनाला सायकल, शेजारणीच्या सुनेचं बीपी पाहायलाही सायकल. सत्तरीला टेकल्या तरी पाठ ताठ ठेवून चालवायच्या. पोरं बाजूनं मोटरसायकल काढताना म्हणायची, "आजी, साइड द्या!" बाई म्हणायच्या, "तुले घाई आहे ना, मंग तू उडून जाय."

पण त्यांची खरी सायकल श्रावणातली.

आमच्याकडे श्रावणात गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी आणून जुन्या शहरातल्या राजेश्वर महादेवाला घालतात. शेवटच्या सोमवारी पोरांच्या मोठमोठ्या कावडी येतात, ढोल वाजतात, पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंचा नेम वेगळा होता. त्या आधीचा एखादा साधा सोमवार धरायच्या आणि पायी जाऊन तांब्याच्या कळशीत पाणी आणायच्या. कळशी एकदा भरली की देवळापर्यंत जमिनीला टेकवायची नाही, हा त्यातला मुख्य नियम. त्यांचे पाय थकले तेव्हा त्यांनी दोघी सुनांना बोलावून कळशी पुढे ठेवली. बाई म्हणाल्या, "पायी काहून? सायकल आहे, मैना आहे."

मैना म्हणजे मी. मला सायकल कधी आली नाही. मी कॅरिअरवर बसायची, मांडीवर कळशी धरायची. बाई पायडल मारणार, मी पाणी सांभाळणार. इतक्या वर्षांत नेम चुकला नाही. जाताना उगवा फाट्यावर एक कडुनिंबाचं झाड लागायचं. कळशी रिकामी असायची म्हणून तिथे उतरायला चालायचं. उपासाची केळी आम्ही त्याच्याखाली खायचो. येताना मात्र थांबायचं नाही. मग बाई लांबूनच घंटी वाजवायच्या. झाडाला. मी विचारलं होतं एकदा, "त्याले काय कळते?" तर म्हणाल्या, "रामराम केला, म्हटलं. सावलीत बसाले बरं वाटते, आन ओळख द्याले लाज वाटते का?"

मला ती घंटी देवळातल्या घंटेसारखीच वाटायची. मी कळशीवरचा हात कपाळाला लावायची.

गेल्या संक्रांतीच्या आधी बाई पडल्या. सायकलवरून नाही. माळ्यावरचा तिळाचा डबा काढायला प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या, स्टूल सरकलं, डबा वर राहिला आणि बाई खाली आल्या. दवाखान्यात स्ट्रेचरवर पडल्या पडल्या माझा पदर ओढून म्हणाल्या, "कोणी इचारलं तर सायकलवरून पडली सांगजो. स्टुलावरून काय पडली म्हणते!"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला. त्यांचा मुलगा गजेंद्र अमरावतीला नोकरी करतो, तो रजा टाकून आला. शुद्धीवर आल्यावर बाईंनी डॉक्टरांना पहिलं काय विचारलं असेल? "श्रावणात सायकल चालवता येईन ना?"

डॉक्टर हसले. "आजी, आधी वॉकर चालवा."

वॉकर त्यांनी चालवला, पण रागानं. उन्हाळ्यात काठीवर आल्या. घरी व्यायाम शिकवायला आरती नावाची मुलगी यायची. लहानशी, पण बाईंना पुरून उरणारी. ती एक दिवस म्हणाली, "आजी, आता जागच्या जागी सायकल मारायला हरकत नाही."

गजेंद्र फोनवर लगेच म्हणाला, "आई, व्यायामाची सायकल घेऊन येतो. ती जागची हलत नाही."

"जागची हलत नाई ते सायकल कशाची? खुर्ची म्हण तिले."

मग सायकल दुरुस्त करणाऱ्या बद्रुद्दीनभाईंना बोलावणं गेलं. बाईंची सायकल आजवर त्यांच्याशिवाय कुणी उघडली नाही. त्यांनी सीट पार खाली घेतली, सायकल मागच्या दोन पायांच्या स्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक अधांतरी. पायाला जोर लागावा म्हणून मागचा ब्रेक थोडा कसला. पुढच्या चाकाला वीट लावली आणि म्हणाले, "नर्सबाई, आता ही तुमाले गेटाबाहेर नाई नेत. लय शहाणी झाली."

मी म्हटलं, "बाई, ही तरी कुठं हलते?"

"हलत नाई, पण तिले हलाचं माहीत तर आहे."

आरतीनं धरून बसवलं. दोन पायडल मारताच सायकल डुगडुगायला लागली. मी घाबरून मागून धरली, तर बाई मान वळवून म्हणाल्या, "धरून काहून राहिली? बस ना वं. जागा तुहीच आहे."

मी कॅरिअरवर बसले. माझ्या वजनानं सायकल स्थिर झाली. आरती म्हणाली, "हे बरं आहे, काकू. रोज बसा."

तेव्हापासून रोज सकाळी माझी पूजा आटोपली की आम्ही दोघी आवारात निघायचो. बाई पायडल मारायच्या, मी मागे बसून कुठे पोचलो ते सांगायची. "अकोट फैल आलं... आता मोकळं रान लागलं... डाव्या हाताले कपाशी." गेटावरून जाणाऱ्या बाया विचारायच्या, "कुठी निघाल्या वं जावा-जावा?" बाई म्हणायच्या, "बाजूले व्हा, ब्रेक कसलेला आहे!" आणि मी उगवा फाटा म्हटलं की त्या घंटी वाजवायच्या. तेवढ्या एका घंटीसाठी सगळा प्रवास असायचा. मागून मला त्यांचं तोंड दिसत नसे, पण पाठ दिसायची. त्या ठिकाणी ती पाठ लांब कुठेतरी बघायची. आमच्या आवाराला चारी बाजूंनी भिंत आहे.

एक दिवस पाहते तो पुढची वीट गायब. बाई म्हणाल्या, "मीच काढली. वीट असली तं हँडल वळत नाई. फाट्यावर वळाव लागत नाई का?"

"अवो बाई, आपण स्टँडवर आहो!"

"तू बसली आहे ना मागं. मंग काय होते?"

काही झालं नाही, मी बसले होते तोवर. आम्ही फाट्याजवळ पोचलो होतो आणि माझ्या स्वयंपाकघरात कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या द्यायला सुरुवात केली. सवयीनं मी टुणकन उतरले. बाईंचा पाय जोरात होता. माझ्या हिसक्यानं स्टँड मागे पडलं, चाक जमिनीला लागलं आणि सायकल निघाली.

तुळशीला वळसा घालून बाई सरळ गेटाकडे गेल्या. हँडल जरा थरथरलं, मग ताठ झालं. गेटाशी त्यांनी धडधाकट पाय टेकवला आणि थांबल्या. मी धावत गेले. बाईंचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"मैना, वारा लागला वं," त्या म्हणाल्या. "तोंडाले वारा लागला."

मी मात्र आरतीला सांगितलं, आरतीनं गजेंद्रला, आणि त्यानं दुसऱ्याच दिवशी येऊन आईला डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. हाड जागेवर होतं. बाईंनी लगेच विषय काढला, "पाहा, मंग श्रावणातल्या सोमवारी जाऊ का?"

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "घरात हवी तितकी सायकल मारा, पाय त्यानंच सुधारला आहे. रस्त्यावर नाही. हाडं ठिसूळ झालीत. पुन्हा पडलात तर उभं करणं माझ्या हातात राहणार नाही. यंदा तर नाहीच."

"आन पुढच्या साली?"

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट गजेंद्रच्या हातात दिलं.

काही दिवस सायकल तशीच स्टँडवर उभी राहिली. मी पूजा करून कॅरिअरजवळ जाऊन उभी राहायची, बाई आतूनच म्हणायच्या, "आज नको." श्रावण लागला. आमचा सोमवार जवळ आला तसा गजेंद्र कार घेऊन आला. म्हणाला, "आई, गाडीनं जाऊ. पाणीच आणायचं ना? काकू कळशी मांडीवर धरतील, जमिनीला लागणार नाही. नेम मोडत नाही."

"गाडीत बसून तं माणूस लग्नालेबी जाते," बाई म्हणाल्या. पण नेमाला नाही म्हणण्याची त्यांची छाती झाली नाही. सासूबाईंची कळशी त्यांनी स्वतः चिंचेनं घासली.

सोमवारी आम्ही गेलो. नदीवर मी पाणी भरलं, बाईंनी काठावरूनच हात जोडले. येताना काचा लावलेल्या होत्या, गाडी सुसाट. केव्हा गाव आलं ते कळलंही नाही. गजेंद्र देवळाकडे वळायला लागला तशा बाई म्हणाल्या, "आधी घरी घे."

"घरी? कळशी कुठं ठेवशील?"

"मैनाच्या हातात. चाल, घरी घे."

आवारात उतरल्या, काठी भिंतीला लावली आणि सायकलवर चढल्या. मला म्हणाल्या, "बस."

मला कळलं. मी कळशी सांभाळत कॅरिअरवर बसले. गजेंद्रला काही कळेना. "आई, हे काय करून राहिली?"

"गाडीनं आणलेलं पाणी माहं नाई. नदीपासून निघतो आता आमी. तू हँडल धर आन गुपचूप उभा राय."

पोरगं आधी हसलं. मग त्यानं वाकून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच धरून राहिलं. बाईंनी पायडल मारायला सुरुवात केली. मी नेहमीसारखं गावाचं नाव घेत नव्हते, नुसता महादेवाचा जप चालला होता. श्रावणातली एक सर येऊन गेली, आम्ही भिजलो, कुणी उठलं नाही. बाईंचा श्वास मला ऐकू येत होता. साधारण अंदाजानं फाटा आला असं मला वाटलं, आणि मी घंटीची वाट पाहिली.

घंटी वाजली नाही. त्यांचे पाय हळू झाले, क्षणभर, आणि पुन्हा चालू लागले.

पुष्कळ वेळानं त्या म्हणाल्या, "आलं जुनं शहर." गजेंद्रनं त्यांना उतरवलं. मग बाईंनी काठी घेतली नाही. सायकल स्टँडवरून काढायला लावली, हँडलला धरून तिच्या आधारानं देवळापर्यंत चालत गेल्या. रिकामी सीट मधे, पलीकडून मी कळशी घेऊन. राजेश्वराला पाणी घातलं. देव रस्ता मोजत बसत असेल असं मला वाटत नाही. पण मोजत असला, तरी बाईंचा रस्ता पुरा भरला असेल.

देवळाच्या पायरीवर बसून मी विचारलं, "बाई, आज घंटी नाही वाजवली?"

त्या सायकलीकडे बघत होत्या. "गाडीतून जाताना झाड पाहिलं का तू?"

"नाही. माझं सगळं ध्यान कळशीत."

"मीबी नाई पाहिलं. जाताना अन् येताना, फाटा जवळ आला तसे डोये मिटून घेतले." मग जरा थांबून म्हणाल्या, "यंदा रस्त्याचं काम झालं तवा लय झाडं तोडली म्हणतात. म्हणून गाडीतून नाई पाहाचं मले ते. सायकलवरूनच पाहीन."

"आणि नसलं तर?"

"नसलं तरी सायकलवरूनच पाहीन."

गजेंद्रला सांगितलं असतं तर तो जाऊन, फोटो काढून आला असता. मी सांगितलं नाही.

आता पुन्हा रोज सकाळी आम्ही निघतो. वीट बद्रुद्दीनभाईंनी सिमेंटनं बसवून दिली आहे, त्यावरून बाई त्यांच्याशी अजून धड बोलत नाहीत. मी मागून गावं सांगते. फाटा आला की सांगते आणि गप्प होते. बाईंचा अंगठा घंटीवर जातो आणि तिथेच राहतो.

राजेश्वरापुढे उभी राहिले की बाईंच्या पायाचं मागावंसं वाटतं, पण डॉक्टरांचा चेहरा आठवतो आणि मन धजत नाही. म्हणून मी आपलं त्या झाडाचं मागते.