नानाभाऊंच्या ऑफिसात फुटलेलं कोण?

निवडणुकीच्या ऑफिसात सव्वा महिना काढला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाशीच्या वावरातून चालताना ओढणीला कापूस चिकटतो तसे ते आपोआप चिकटतात. शहाद्याच्या स्टँडवर कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की बस लागेपर्यंत मला तेच विचारतात, ‘‘तुमच्या भाऊंचं सांग ना.’’ मी सांगते. पण त्याआधी एकदा मागे वळून बघते. ही सवय त्याच ऑफिसातली.

नानाभाऊ आमच्या प्रभागाचे नगरसेवक. सलग तीन टर्म. गटार तुंबली, दिवा गेला, दाखला अडला, की लोक भाऊंकडे. यंदा ते थेट नगराध्यक्षपदाला उभे राहिले, अपक्ष. पक्षाचं तिकीट समोरच्या शेठना मिळालं होतं आणि भाऊ म्हणाले होते, आता मागे हटणं नाही. भाऊंच्या घराची पुढची खोली म्हणजे आमचं ऑफिस. माणसं तीन: मतदार यादी सांभाळणारे आबा, गाडी चालवणारा राजू आणि पत्रकं, अर्ज, व्हॉट्सअॅप बघणारी मी.

माझी मुलाखत दोन मिनिटांत झाली. मी बी.कॉम.चं सर्टिफिकेट पुढे केलं. भाऊंनी ते उलटं धरलं आणि विचारलं, ‘‘शिक्षण ऱ्हाऊ दे. तुन्हा मामा कोन गावना?’’

‘‘धानोऱ्याचे.’’

‘‘मंग बठ.’’

मी बसले. चौथ्या दिवशी कोणीतरी भाऊंना सांगितलं की शेठच्या बायकोचं माहेरही धानोराच. त्या दिवसापासून मी यादी उघडली तरी भाऊ माझ्या बोटांकडे बघायचे.

●

पहिला धक्का पत्रकाचा.

भाऊंनी ठरवलं होतं, घंटागाडी दिवसातून दोनदा आणायची. कुणालाच सुचलं नव्हतं असं वचन! मी मजकूर लिहिला, राजूनं शहाद्याला छापायला टाकला. पत्रकं यायच्या आदल्या दुपारी मी खिडकीत बसून डबा खात होते. रस्त्यावरून शेठची भोंग्याची रिक्षा गेली. ‘‘घंटागाडी दोन वेळा! आपल्या दारात, दोन वेळा!’’ माझ्या हातातली भाकर खाली पडली.

भाऊ आतून आले. रिक्षाकडे बघितलं नाही. माझ्या खाली पडलेल्या भाकरीकडे बघितलं.

‘‘घाबरनी कसाले?’’

आता याचं उत्तर काय द्यायचं? मी लहानपणापासून कुकरच्या शिट्टीलाही दचकते. पण ज्या ऑफिसात कोणीतरी फुटलंय, तिथं दचकणारं माणूस पहिलं सापडतं. आणि आमच्या गावात एकदा ‘फुटलेली’ म्हणून नाव झालं की झालं. बाबांचं स्टेशनरीचं दुकान नगरपालिकेच्या गाळ्यात. उद्या कोणीही निवडून येवो, दोन्हीकडचे माझ्याकडे बोट दाखवणार.

म्हणून मी ठरवलं, निदान कोण फुटलंय हे तरी शोधायचं.

●

शोधायला भाऊही निघालेच होते. त्यांची युक्ती अशी: तिघांना तीन वेगवेगळी वचनं कानात सांगायची. आबांना सांगितलं, पोहण्याचा तलाव बांधणार. राजूला सांगितलं, स्टँडमागे बगीचा. मला सांगितलं, मुलींसाठी वाचनालय, आणि वर म्हणाले, ‘‘तुन्हा मायलेबी सांगू नको.’’ जे वचन शेठच्या भोंग्यावर येईल, त्याचा माणूस फुटलेला.

मी घरी आईकडे बघायचंही बंद केलं.

दोन दिवसांनी रिक्षा आली. आम्ही तिघंही दारात. पहिल्यांदा तलाव आला. आबांचा चेहरा पडला. मी सुटले म्हणून श्वास सोडतेय तोच बगीचा आला. राजू म्हणाला, ‘‘आयला.’’ मग भोंग्यातून वाचनालय बाहेर पडलं, तेही ‘आपल्या लेकीबाळींसाठी’!

‘‘म्हणजे तिघंबी फुटेल शेतस,’’ भाऊ म्हणाले आणि डोक्याला हात लावला. ‘‘असा मानसं लिसन मी कसा लढू?’’

सुमनवहिनी, म्हणजे भाऊंची बायको, चहाचे रिकामे कप उचलत होत्या. त्यांनी सहज विचारलं, ‘‘तिन्ही गोष्टी कोनले माहीत व्हत्यात?’’

‘‘तेच तं मी शोधी ऱ्हायनू,’’ भाऊ म्हणाले.

●

आबांचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आबा एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काही त्यांनी हातातून सोडला नाही. मतदार यादीवर ते पेन वापरतच नाहीत. आपल्या माणसाच्या नावापुढे एक भोक. डळमळीत असेल तर दोन. शेठचा असेल तर तीन. सकाळपासून ऑफिसात कट कट चालू, आणि प्रत्येक कटला मी खुर्चीतून अर्धा इंच वर.

एकदा आबा जेवायला गेले तेव्हा मी यादी उघडली. माझं नाव सापडलं. दोन भोकं. बाबांना दोन. आईलाही दोन, जी बिचारी भाऊंचं पत्रक गव्हाच्या डब्यात जपून ठेवते.

आबा परतल्यावर मी रडवेली होऊन विचारलं, ‘‘आबा, माझ्यावर संशय?’’

‘‘तुम्हनावर संशय नही ताई. पन तुम्ही दचकतस.’’

‘‘आणि आईबाबा?’’

‘‘दचकनारीना मायबाप शेतस ना.’’

मी पान उलटलं. भाऊंचं घर होतं. वहिनींच्या नावापुढे एक भोक. भाऊंचं नाव मात्र कोरं.

‘‘हे राहिलं का?’’

आबांनी पंच खिशात घातला. ‘‘त्यास्नं आजून ठरेल नही.’’

मी हसले. आबा हसले नाहीत.

●

मग शेठ स्वतः आले. आमच्याकडे रीत आहे, उमेदवारानं प्रत्येक दारात हात जोडायचे, विरोधकाच्याही. भाऊंनी बजावून ठेवलं होतं, ते आले तर सांगायचं, भाऊ खापरच्या बाजाराला गेलेत. भाऊ मागच्या खोलीत होते.

शेठ दारात उभे राहिले. पांढरे कपडे, हात जोडलेले, मागे पाचसात माणसं. माझं सगळं पाठांतर उडालं. सवयीनं माझा हात टेबलाकडे गेला, मी आमचं पत्रक उचललं आणि शेठच्या हातात देऊन म्हणाले, ‘‘भाऊंवर लक्ष असू द्या.’’

मागची माणसं हसायला लागली. शेठ हसले नाहीत. पत्रक घडी न मोडता मला परत दिलं.

‘‘हाई मी वाचेल शे, ताई.’’

ते पत्रक तासाभरापूर्वी छापून आलं होतं. गठ्ठ्याची सुतळी मीच तोडली होती.

जाताना शेठ वळले. ‘‘मांगली खोलीमा पंखा नही ना? भाऊले सांगा, गरम व्हई ऱ्हायनं व्हई तं बाहेर या.’’

●

राजूचं दुःख वेगळं. भाऊंना वाटायचं, शेठची माणसं आपल्या गाडीचा पाठलाग करतात. म्हणून शेजारच्या गल्लीत जायचं असलं तरी राजूनं आधी कपाशीच्या जिनिंग मिलपर्यंत जाऊन वळसा घालून यायचं. एकदा असा तिसरा वळसा चालू असताना मागची मोटारसायकल पुढे आली. शेठचा माणूस काच वाजवून म्हणाला, ‘‘राजूभो, आते नेमकं कथा जावानं शे तेवढं सांग. मन्हं जेवन ऱ्हायनं.’’ राजूनं सांगितलं. दोघं एकदमच पोचले.

भाऊंनी ऐकलं तेव्हा राजूच्या नावापुढे भोकं वाढली.

त्यावर राजू मला हळूच म्हणाला, ‘‘मी सांगसू तं आख्खं सांगसू, ताई. भाऊ तीनदा प्रकाशा गावले गयात, तापीवर, महादेवना दर्शनले. माले गाडीमाच बसाडं. देव पाहीसन उनात, आनि कपाळ कोरं. ना गंध, ना फूल.’’

‘‘गर्दी असेल,’’ मी म्हणाले.

‘‘सोमवार नही, काही नही. कसानी गर्दी?’’

मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर फुटल्यासारखंच झालं असतं.

●

सुमनवहिनींनीही अर्ज भरला होता, हे सांगायचं राहिलं. आपला अर्ज छाननीत उडाला तर घरातलं माणूस उभं असावं म्हणून बायकोचा डमी अर्ज भरायची पद्धतच आहे. नंतर माघारीच्या दिवशी तो मागे घ्यायचा. बाकीच्या डमी बायका न वाचता सही करतात. वहिनींनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एका जागी थांबून मला विचारलं, ‘‘शिलाई मशीन शे का, निशानीमा?’’

भाऊ वैतागले. ‘‘तुले निशानी कसाले? तू तं डमी शेस.’’

‘‘कॉलम शे ना,’’ वहिनी म्हणाल्या, आणि भरला.

छाननीत दोघांचेही अर्ज टिकले.

●

माघारीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, भाऊंनी आम्हाला ओळीत उभं केलं. म्हणाले, ‘‘बस व्हयनं. आते कानबाईना नारळवर हात ठेवा आनि सांगा, मी फुटेल नही.’’

आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, नारळाच्या रूपात. तिचा नारळ फोडत नाहीत, विसर्जन झालं की तोच घरी परत आणून देव्हाऱ्यात जपतात. भाऊंच्या घरचा नारळ त्यांच्या आजीच्याही आधीचा, हाताळून काळा पडलेला. त्याच्यावर हात ठेवून खोटं बोलणारं माणूस मी अजून ऐकलेलं नाही. वहिनी म्हणाल्या, श्रावणाशिवाय काढत नाहीत. भाऊ म्हणाले, काढ. त्यांनी काढला, ताम्हनात तांदळावर ठेवला.

आबांनी हात ठेवला. ‘‘फुटेल नही.’’ राजूनं ठेवला. ‘‘फुटेल नही. रस्ता तेवढा सांगेल शे.’’

मग मी. हात इतका थरथरला की ताम्हन वाजायला लागलं आणि चार तांदूळ खाली सांडले.

‘‘देखा,’’ भाऊ म्हणाले. ‘‘कशी थरथरी ऱ्हायनी. सापडनी.’’

‘‘ती तं पालीले बी घाबरस,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘परवापासून येऊ नको,’’ भाऊ मला म्हणाले. ‘‘आनि गावले काय सांगानं ते मी सांगसू. उद्यानं काम तेवढं कर. सकाळे माघारना फॉर्म आन, वहिनीसाठे. दोन आनजो. एखादा खराब व्हयना तं.’’

मी ओढणीनं डोळे पुसत बाहेर पडले. चप्पल घालताना लक्षात आलं, तिघांचे हात झाले होते, चौथा राहिला होता. पण उमेदवाराला कोण म्हणणार, तुम्हीपण ठेवा?

●

दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत माघारीची मुदत. अडीच वाजता आम्ही सगळे पुढच्या खोलीत. नगरपालिका हाकेच्या अंतरावर, तरी राजूनं गाडी चालू करून ठेवलेली. आबा कोपऱ्यात यादी मांडीवर घेऊन. मी फाईल उघडली आणि एक कोरा फॉर्म वहिनींपुढे ठेवला, वर पेन.

वहिनींनी चष्मा लावला. फॉर्म वाचला. मग फाईलमध्ये डोकावल्या.

‘‘हाऊ दुसरा कोनले?’’

‘‘भाऊ म्हणाले, एखादा खराब झाला तर.’’

‘‘मन्हा हातना फॉर्म कधी खराब व्हयना का?’’

वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि ताम्हन घेऊन आल्या. नारळ, खाली कालचेच तांदूळ. तो त्यांनी भाऊंच्या समोर टेबलावर ठेवला, माझ्या पेनाच्या शेजारी.

‘‘मी सही करस. पन पहिले तुम्ही हात ठेवा. सांगा, मी उभा शे आनि उभाच ऱ्हासू.’’

‘‘टाईम जाई ऱ्हायना, सुमन.’’

‘‘हात ठेवाले टाईम नही लागत. काल ह्या पोरनी ठेवा.’’

भाऊंनी आबांकडे बघितलं. आबा यादीत बघत होते. राजूकडे बघितलं. राजू बाहेर गाडीकडे. मग माझ्याकडे. मी पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही, कारण माझं काय व्हायचं ते कालच झालं होतं.

भाऊंचा हात टेबलावर आला. नारळाजवळ गेला. बोटं नारळावर टेकतील इतकी जवळ गेली, आणि तिथंच थांबली. मग बाजूला सरकली. त्यांनी माझा पेन उचलला.

‘‘तो दुसरा फॉर्म दे,’’ ते मला म्हणाले.

वहिनींनी आपल्यापुढचा फॉर्म घडी करून कमरेला खोचला. कोपऱ्यातून आबांच्या पंचाचा आवाज आला. कट. थोडं थांबून, कट. मग अजून एक.