पुन्हा वर गेलेलं विमान

टेकता टेकता विमान पुन्हा वर गेलं, तर तुम्ही कोणाला दोष देता? आल्याच्या वडीचा वास आला की मला बेंगळुरूला येणारं ते हेलकावणारं विमान आठवतं; मळमळू नये म्हणून तेव्हा तोंडात तीच वडी होती. विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीची शेतं खिडकीशी आली, वाऱ्याने विमान तिरकं केलं आणि पायलटबाईंनी ते परत वर घेतलं. दुसऱ्या खेपेला उतरलो. दारात उभ्या असलेल्या पायलटबाईंना एक काका म्हणाले, "ताई, पहिल्यांदा हात थरथरले वाटतं." मी विचारलं, "वाऱ्यात विमान वळवायचा दांडा घट्ट धरता?" त्या हसल्या. "घट्ट धरून झगडलं तर विमान जास्त डुलतं. थोडं थोडं सावरायचं. नाहीच जमलं तर हट्ट न करता वर जायचं." काकांचा राग मला आजही येतो. टोमण्याला भिऊन उद्या कुणी पायलट हट्टाने उतरला, तर आत आपणच असू. तुमचं विमान असं वर गेलं, तर उतरताना पायलटचे आभार माना.