किल्ल्यांचा जुडगा

कुंदाला तो सल्ला मीच दिला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्यांच्यावर चिडणार आहे, त्यात माझाही नंबर लावा.

कुंदा माझी भोरातली शेजारीण. शाळेच्या ऑफिसात आम्ही सव्वीस वर्षं शेजारी-शेजारी बसलो. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून तिनं सारोळ्याला, हायवेजवळ, चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. वर्षभर छान चाललं आणि मग तिच्या नवऱ्याला, मधूभाऊंना, लकवा मारून गेला. त्यांना उठवायला-बसवायला जो माणूस येतो, तो त्या खोल्यांच्या भाड्यावरच येतो. पण त्यांना टाकून कुंदाला सारोळ्याला जाता येईना. खोल्या बघायला कुणीतरी हवं होतं.

भोरातच एक जण हे काम करायचा. घरी येऊन म्हणाला, "करार करू. दुरुस्ती कुणी, किती दिवसांत करायची ते त्यात लिहू. दर महिन्याला फोटो पाठवीन. आणि मी ज्यांच्या खोल्या बघतो त्यांचे नंबर घ्या, त्यांनाच विचारा मी कसा आहे ते."

तो गेल्यावर मी नाक मुरडलं. "एवढे कागद नाचवणारा माणूस कशाला हवा? सारोळ्यात तुझे व्याही आहेत की! घरचं माणूस सोडून परक्याला किल्ल्या देतेस?"

काय शहाणी मी!

कुंदाची एकुलती एक मुलगी, वैदेही, सारोळ्यालाच दिलेली. तिचे सासरे रखमाजीराव तोंडानं गोड, सगळ्या गावात ऊठबस. "कागद-बिगद कशाला विहीणबाई? आमी काय परके हाय का?" असं म्हणून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. व्याह्याला जाब विचारता येत नाही, ही साधी गोष्ट आम्हा दोघी बायकांच्या डोक्यात आली नाही. विचारला तर त्याचं उत्तर लेकीला मिळतं.

सहा महिन्यांनी रत्नाचा फोन आला. ही तिसऱ्या खोलीतली भाडेकरू, कंपनीत पॅकिंगला जाणारी, पदरात पाच वर्षांची मुलगी. "काकू, न्हाणीच्या भितीला हात लावला की झिणझिण्या येत्यात. रखमाजीतात्यांना तीनदा सांगितलं. ते म्हनत्यात, चप्पल घालून जात जा."

कुंदानं रखमाजीरावांना फोन केला. "सगळं झ्याक हाय," ते म्हणाले. तिनं भोरहून वायरमन पाठवला. मेन स्विच मोटरच्या खोलीत आणि तिची किल्ली रखमाजीरावांकडे; त्यांनी वायरमनला चहा पाजला आणि परत लावून दिलं. "आमी मेलो का, भोरास्नं मानूस धाडाया?" त्या रात्री वैदेहीचा फोन आला. "आई, तू असं काही करत जाऊ नकोस गं. मला इथं राहायचंय." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

मग कुंदा स्वतः गेली. किल्ल्या मागायलाच गेली आणि नारळ घेऊन परत आली. विहीणबाई सगुणाबाईंनी पोह्यांची बशी पुढे केली, खण-नारळानं ओटी भरली आणि किल्ल्यांचा विषय तसाच राहिला. दुसऱ्यांदा गेली, तेव्हाही तेच. "भरल्या ओटीनं भांडण कसं काढू गं?" असं म्हणून माझ्या ओट्यावर बसून ती ढसाढसा रडली. जेवण जाईना, झोप लागेना. एकीकडे त्या भिंतीचा घोर, दुसरीकडे लेकीचा. मला माझ्या जिभेचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

आणि एका सकाळी रत्नाचा पुन्हा फोन. तिला धड बोलता येत नव्हतं. "काकू, पोरगी चिकटली व्हती भितीला. म्या लाकडी पाटानं ढकलली तवा सुटली. वाचली काकू, पन आता म्या काय करू?"

कुंदानं फक्त पायात चपला सरकवल्या. मी सोबत निघाले. मिळेल त्या एसटीनं सारोळं गाठलं.

रखमाजीराव ओसरीवर होते. पोरीचं कळलेलं होतं, पण, "आवं, पोरंच ती, हात लावायचीच," असं म्हणून त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. पोहे आले. कुंदानं बशीला हात लावला नाही. सगुणाबाई ताट घेऊन आल्या: तांदूळ, खण, नारळ. वैदेही दारात उभी होती.

कुंदा उठली. तिनं पदर पसरला आणि म्हणाली, "विहीणबाई, आज ओटी नको. किल्ल्या घाला."

सगुणाबाईंचा हात थांबला. सवाष्णीनं ओटी नाकारायची नसते, आणि नवरा अंथरुणावर असताना तर नाहीच नाही. रखमाजीरावांनी खिशातून जुडगा काढून लांबूनच तिच्या पदरात फेकला. "घ्या. आन् या घरचा उंबरा पुन्यांदा चढू नका."

वैदेही वळली आणि आत गेली.

त्याच दुपारी वायरमन बोलावून न्हाणीची वायर दुरुस्त करून घेतली. किल्ल्या कुंदानं रत्नाला दिल्या. रत्ना म्हणाली, "काकू, काय करायचं, कुठवर करायचं, ते कागदावर लिवून द्या. म्हंजी तुमाला बी इचारता यील, मला बी सांगता यील." कुंदानं तिथंच, मुलीच्या वहीतलं पान फाडून, लिहून दिलं.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. रत्ना दर रविवारी फोन करते. टाकी गळतेय, चौथ्या खोलीचं दार फुगलंय, जे असेल ते सांगते, लपवत नाही. खोल्यांना असा माणूस शोधून मिळायचा नाही.

वैदेहीनं मात्र अजून एकही फोन केलेला नाही. दिवाळीलाही आली नाही. मधूभाऊ तिचं नाव घेतात, बाकी त्यांना फारसं बोलता येत नाही.

परवाच्या रविवारी मी कुंदाकडेच होते. फोन वाजला, तशी कुंदा हातातलं टाकून धावली. नाव बघितलं आणि हळूच खाली बसली.

"बोल रत्ना," ती म्हणाली.