नजर नव्हती, सेन्सर होता

मंडळी, आज सकाळी आईला डायलिसिससाठी साक्रीहून धुळ्याला नेताना गाडी रस्त्यात पुन्हा बंद पडली. इंजिन गार होईपर्यंत आई मागच्या सीटवर घामाघूम बसून राहिली.

वर्षभर गाडी माझ्या साडूंच्याच गॅरेजात नेली. दुसरीकडे नेली असती तर नातं दुखावलं असतं. ते म्हणायचे, “भाऊ, गाडीले नजर लागेल शे. तुम्ही इतला भक्त माणूस, नारळ फोडाले कंटाळतस का?” लागलेली नजर उतरावी म्हणून मी नारळ फोडत राहिलो.

आज धुळ्यात पोचल्यावर गाडी परत सुरू होईना, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने इंजिनाचा वेग मोजणाऱ्या तापलेल्या सेन्सरवर गार पाणी ओतलं. गाडी लगेच सुरू झाली. मग त्याने सेन्सरच बदलला.

स्वतःला कळत नाही हे देवाआड लपवणाऱ्याचं मन किती राखायचं, तुम्हीच सांगा. परतताना मी साडूंकडे थांबलो आणि गाडी यापुढे त्यांच्याकडे येणार नाही, हे तोंडावर सांगून आलो.