हासी दखाडा

“हासी दखाडा बरं,” रोज सकाळी नवऱ्यापुढे चहा ठेवला की ती म्हणायची. म्हणजे, जरा हसून दाखवा. डिंडोलीत आमच्या आणि तिच्या खोलीत एकच भिंत होती, त्यामुळे आम्हाला ते रोज ऐकू यायचं. तो कुरकुरत हसायचा. मग ती त्याला दोन्ही हात वर करायला लावायची, गावाचं नाव विचारायची. गल्लीतल्या बायका चेष्टा करायच्या. ती मनावर घ्यायची नाही.

हे सगळं सुरू होण्याआधी तो पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात होता. एका दुपारी तो घरी आला तेव्हा त्याचं बोलणं जड झालं होतं, हातातून डबा निसटला. उन्हानं झालं असेल म्हणून तिने सरबत पाजलं, झोपवलं. उठला तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं. आणायला उशीर झाला, म्हणत डॉक्टरांनी तिला हसणं, हात आणि बोलणं तपासायला शिकवलं. दोन वर्षांत तो काठीने चालू लागला, हातही खांद्यापर्यंत यायला लागला, पण ती म्हणायची, “मीच झोपवलं त्यांना.”

एका रविवारी ती ओट्यावर साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. शेजारी माझे वडील चहा पीत होते. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. मला वाटलं, थकलेत. मी म्हणालो, आप्पा, जरा पडा आत.

तिने साडी बाजूला टाकली. “आप्पा, हासा बरं.” तोंड एकाच बाजूला हललं. डावा हात वर जाऊन लगेच खाली आला. मी पाणी आणलं, तर तिने पेला काढून घेतला. घशात अडकेल म्हणाली.

“झोपवू नको. रिक्षा आण. आणि किती वाजले ते लक्षात ठेव, डॉक्टर विचारतील.”

डॉक्टरांनी खरंच पहिल्यांदा तेच विचारलं.

तीन आठवड्यांनी आप्पा चालत घरी आले. डावा पाय किंचित ओढत होते, बाकी नीट होते. ती दारात आली आणि मला बाजूला घेऊन तिने विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“वेळेत आणलंत, म्हणाले.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

पुढच्या वर्षी ती आणि तिचा नवरा गावी, अमळनेरकडे, कायमचे गेले. मी उधना स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडीत चढताना त्याने दांडा धरला, एक पाय वर ठेवला, मग दुसरा. ती मागे उभी होती, दोन्ही हात त्याच्या पाठीपासून वीतभर दूर धरून. हात लावायची वेळच आली नाही.