मुंडक्यांची भिंत

मच्छिंद्र श्रीपती ओव्हाळ. जन्म बेंबळी, १९२९. मृत्यू बेंबळी, १९८८. जन्माचे वर्ष शाळेत अंदाजाने घातलेले होते, असे ते स्वतःच सांगत. त्यामुळे ते चुकीचे असल्यास तो दोष त्यांचा नाही आणि माझाही नाही.

निजामी अमलात त्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत झाले. पुढे धाराशिवच्या, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबादच्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांना ऑपरेटरची नोकरी लागली. १९५६ साली त्यांच्या घराने धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून त्यांनी देवदेव, नवससायास आणि भूतखेत या तिन्ही गोष्टींना घराबाहेर ठेवले, आणि त्याबद्दल कधी कोणाशी वादही घातला नाही. पत्नी मुक्ताबाई आणि दोन मुलगे असा संसार होता. मी त्या काळात बेंबळीच्या विविध कार्यकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या कचेरीच्या मागच्या खिडकीतून त्यांचे अंगण दिसे. आमचा परिचय त्यातूनच वाढला.

त्या काळी टेलिफोन आपोआप जुळत नसे. कोणी फोन उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर नंबर विचारी आणि हाताने वायर जोडून देई. प्रत्येक ऑपरेटरचा हेडफोन स्वतंत्र असे आणि दुसऱ्याने तो डोक्यावर घालू नये असा दंडक होता. १९७४ साली नव्या बनावटीचे हेडफोन आले आणि जुने लिलावात निघाले. मच्छिंद्ररावांनी ते सगळे रीतसर बोली लावून घेतले. त्यांच्याकडे आधीपासूनच निजामाच्या काळातील काळ्या बेकलाइटचा एक आणि सोलापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला लष्करी वायरलेसचा एक असे दोन हेडफोन होते. मनुष्य कशाचा संग्रह करील हे सांगता येत नाही. मच्छिंद्ररावांनी हेडफोनचा केला.

हेडफोन खिळ्याला टांगलेले त्यांना चालत नसत. त्याचे कारण त्यांनी मला समजावून सांगितले होते. दोन कानांना जोडणारी पोलादी पट्टी वर्षानुवर्षे एकाच डोक्यावर राहिली की त्या डोक्याच्या मापाची होते. ती खिळ्याला लोंबकळत ठेवली तर हळूहळू मिटत जाते, कानाच्या गाद्यांचे चामडे दुमडते आणि चिरते. “खिळ्याला टांगली की पट्टी आपला माणूस विसरते,” असे त्यांचे शब्द होते. म्हणून त्यांनी प्रत्येक हेडफोनच्या दोन गाद्यांमधले अंतर मोजून त्या मापाचा एकेक ठोकळा करायचे ठरविले.

बहात्तरच्या दुष्काळात गावातील बैल विकले गेले होते आणि गाड्या अंगणात उभ्या राहून खिळखिळ्या झाल्या होत्या. मोडीत निघालेल्या त्या गाड्यांच्या चाकांचे जुने, वाळून खडखडीत झालेले बाभळीचे लाकूड त्यांना सहज मिळाले. कामावरून आल्यावर ते अंगणात बसून पटाशी आणि कानस चालवीत. अंतर मोजलेले असे, बाकीचा आकार ते वर्षानुवर्षे शेजारी पाहिलेली डोकी आठवून देत. एका पाडलेल्या दरवाज्याची सागवानी फळी त्यांनी आतल्या खोलीच्या मातीच्या भिंतीवर आडवी बसविली, तिला ठोकळे जोडले आणि ठोकळ्यांवर हेडफोन चढविले. काम उत्तम झाले होते. मात्र दारातून पाहणाऱ्याला भिंतीतून माणसांची डोकी बाहेर आल्यासारखी वाटत. चेहरा एकालाही नव्हता. कान सर्वांना होते.

गावाने त्या कामाला ‘मुंडक्यांची भिंत’ असे नाव दिले. “मच्छिंद्रा, हजामती करतूस का काय हितं?” असे कोणी विचारले की ते म्हणत, “या, तुमचं बी माप घेतो.” त्यानंतर सहसा कोणी दुसरा विनोद करीत नसे. ठोकळे लहान, मोठे, कानाकडे चपटे, मागे फुगीर, असे जिवंत डोक्यांसारखे वेगवेगळे होते. एक्स्चेंजमधील निवृत्त माणसे आली की आपापले डोके न सांगता ओळखीत. दोघा मृतांची डोकीही त्यांनी ओळखली होती.

फळीवरचा डावीकडून तिसरा हेडफोन रामकिसन आबाराव खापरे याचा होता. रामकिसन बेंबळीचाच, मच्छिंद्ररावांपेक्षा वयाने लहान, एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा. १९७३ च्या उन्हाळ्यात एके दिवशी काम संपल्यावर त्याने हेडफोन जागेवर ठेवला, एस.टी. स्टँडकडे निघाला आणि घरी पोचला नाही. भांडण नव्हते, आजार नव्हता. पोलिसांत वर्दी दिली, तुळजापूर, बार्शी, सोलापूर पालथे घातले. माणूस सापडला नाही आणि प्रेतही सापडले नाही. मागे पत्नी धुरपदाबाई राहिल्या, मूलबाळ नव्हते. त्या थोरले दीर हिंमतराव यांच्या घरात राहत.

पहिली गोष्ट मुक्ताबाईंच्या लक्षात आली. उन्हाळ्याचे दिवस होते आणि आमच्याकडे त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूवर धुळीचा थर बसतो. मुक्ताबाई भिंत पुसत असता सगळ्या हेडफोनांवर धूळ होती. रामकिसनच्या हेडफोनवर नव्हती. त्याच्या गाद्या ओल्या होत्या.

“अवं, ह्याला घाम आलाय,” त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

“चामड्याचं तेल सुटलं आसंल.”

“तेल वळखत न्हाय व्हय मी? घाम हाय ह्यो.”

त्यांनी गाद्या पुसून कोरड्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा ओल्या होत्या. मच्छिंद्ररावांनी भिंतीला ओल असेल म्हणून मागे पत्रा बसविला. हेडफोनची जागा बदलली. तुळजापूरच्या चर्मकाराकडून कोऱ्या कातड्याच्या गाद्या शिवून आणल्या. त्याही तिसऱ्या दुपारपासून ओलावू लागल्या. याखेरीज आणखी एक बाब मी स्वतः पाहिली. त्या कोरड्या हवेत बाकीचे ठोकळे आक्रसून पट्ट्यांमध्ये खुळखुळत होते. रामकिसनचा ठोकळा मात्र घट्ट होता आणि पट्टी त्यावर ताणलेली होती.

मी मच्छिंद्ररावांना त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, “कारण असणारच, साहेब. मला अजून सापडलं न्हाय, एवढंच.” मी पाहत असतानाही ते त्या भिंतीकडे पाठ करून बसत नसत.

टँकरच्या रांगेत मुक्ताबाईंच्या तोंडून ही गोष्ट गेली आणि पुढच्या बाजारच्या दिवशी भर दुपारी धुरपदाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. खापऱ्यांच्या घरातील बाई त्या वस्तीत येण्याची रीत नव्हती. त्या आत आल्या, गादीला बोट लावले आणि ते बोट जिभेवर टेकविले.

“त्येंचाच हाय,” त्या म्हणाल्या. “घाम मेलेल्याला येत न्हाय.”

एवढे बोलून त्या निघाल्या. मुक्ताबाईंनी पाणी विचारले, ते त्यांनी घेतले नाही. पुढे मात्र त्या बाजारच्या प्रत्येक दिवशी येत, बोट लावून पाहत आणि घरी जाऊन कुंकू ताजे करीत. वर्ष-दीड वर्षाने पाणीही घेऊ लागल्या. त्यांचे सौभाग्य त्या दोन ओल्या गाद्यांवर उभे होते, हे गावात सर्वांना ठाऊक होते आणि तोंडावर कोणी बोलत नसे.

असे करता करता रामकिसनला जाऊन बारा वर्षे झाली. माणूस नाहीसा होऊन बारा वर्षे झाली की तो मृत मानून त्याचे क्रियाकर्म करण्याचा आमच्या भागातील हिंदू घरांत प्रघात आहे. प्रेत नसल्याने पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. हिंमतरावांच्या मुलाचे लग्न दोनदा ठरून मोडले होते. क्रियाकर्माविना राहिलेला जीव घराला आडवा येतो आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. विधी सांगणाऱ्या भटजींनी रामकिसनच्या अंगाला लागलेली एखादी वस्तू पुतळ्यात ठेवण्यास सांगितले. त्याचे कपडे केव्हाच देऊन टाकलेले होते. उरला होता तो हेडफोन. विधी झाला की धुरपदाबाईंच्या बांगड्या फुटणार होत्या आणि त्या तयार नव्हत्या.

हिंमतराव ती वस्तू मागायला निघाले तेव्हा साक्षीला म्हणून मला बरोबर घेतले. दुपारची वेळ होती. धुरपदाबाई आमच्या आधीच तेथे येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. दीर दिसताच त्यांनी पदर पुढे ओढला, पण जागा सोडली नाही.

“मच्छिंद्रा,” हिंमतराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, “माझ्या भावाचं टकुरं भिंतीला लावून बारा वर्सं तमाशा केलास. आता दे इकडं.”

“आत या की अण्णा. बाहेर ऊन हाय.”

“मला उन्हाचं सांगू नगंस. तुमी देव मानत न्हाय, भुतं मानत न्हाय. मग ह्ये काय पाळलंयस?”

“पाळलं न्हाय. ठेवलंय.”

“आन् ह्या बाईला नादी लावलंस त्ये?”

मुक्ताबाई आतून म्हणाल्या, “बाईला इच्यारा की तिलाच! समूर उभी हाय, मुकी न्हाय.”

हिंमतराव उंबरा ओलांडून आत आले. भिंतीसमोर आल्यावर त्यांचा आवाज एकदम उतरला. भाऊ नाहीसा झाल्यानंतर त्याच्या डोक्याचा आकार ते प्रथमच पाहत होते. मागची बाजू डावीकडे किंचित दबलेली होती. लहानपणी झाडावरून पडल्याची ती खूण होती, असे त्यांनी मला पुढे सांगितले.

मच्छिंद्रराव म्हणाले, “अण्णा, वस्तू माझी हाय, पावती हाय. पण डोकं माझं न्हाय. वहिनी म्हणतील तसं करू.”

सगळे धुरपदाबाईंकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या हेडफोनला केवळ बोट लावले होते. आता त्यांनी दोन्ही हातांनी तो ठोकळ्यावरून उतरविला, पदर मागे सारला आणि डोक्यावर चढविला. रामकिसनचे डोके मोठे होते आणि बाईंचा चेहरा लहानसा. पट्टी सैल पडावयास हवी होती. ती त्यांच्या कानांवर चपखल बसली. हेडफोनची वायर त्यांच्या कमरेपर्यंत लोंबत होती आणि तिचे टोक कशालाही जोडलेले नव्हते, ही वस्तुस्थिती मी मुद्दाम नमूद करतो.

प्रथम काही झाले नाही. मग धुरपदाबाईंनी मान किंचित कलती केली.

“व्हय,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, “व्हय. ऐकतेय.”

त्यांच्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या. त्या डोळ्यांतून येत नव्हत्या; गाद्यांच्या खालून येत होत्या. बोलणे लांबले असावे, कारण बाई मधूनमधून मान हलवीत होत्या आणि एकदा त्यांना हसूही आले. शेवटी त्यांनी हेडफोन उतरविला आणि पदराने पुसला.

“भावजी, पळसाची पानं आणाय सांगा.”

हिंमतराव एक पाऊल पुढे आले. “काय... काय म्हनला त्यो?”

“त्ये तुमाला न्हाय बोलले.”

“आगं, पर हाय कुठं त्यो?”

“इच्यारलं न्हाय म्या,” त्या म्हणाल्या. मग मच्छिंद्ररावांकडे वळून त्यांनी ठोकळ्याकडे बोट केले. “दादा, डोकं द्या ह्यांना. कान ऱ्हाऊ द्या.”

मच्छिंद्ररावांनी हत्यारे आणली आणि ठोकळा फळीपासून सोडविला. नारळाऐवजी तो पुतळ्याला लावण्यास भटजींनी थोडी कुरकुर करून संमती दिली. बांगड्या धुरपदाबाईंनी स्वतःच्या हाताने उतरविल्या. फोडू दिल्या नाहीत.

अग्नी दिला तेव्हा मी उपस्थित होतो. पळसाची पाने क्षणात जळून गेली. बाभळीचा ठोकळा जळेना. जुन्या गाडीचे ते लाकूड, त्यावर दहा-अकरा उन्हाळे गेलेले. ते पहिल्या ठिणगीला पेटावयास हवे होते. त्याऐवजी त्याच्या दोन्ही बाजूंनी, जेथे गाद्या टेकत होत्या तेथून, ओल्या लाकडातून येते तसे फेसाळ पाणी सूं सूं करीत बाहेर आले आणि बराच वेळ येत राहिले. हिंमतरावांनी दोनदा रॉकेल ओतले. मच्छिंद्रराव दूर लिंबाखाली उभे होते. विधीला ते आले नव्हते. ठोकळा आपण केला आहे म्हणून तो जाईपर्यंत उभे राहिलो, असे त्यांनी मला सांगितले.

रामकिसनचा हेडफोन त्यानंतर फळीवर खिळ्याला टांगलेला राहिला. गाद्या त्या दुपारीच वाळल्या आणि दिवाळीपूर्वी त्यांचे चामडे चिरले. हिंमतरावांच्या मुलाचे लग्न त्याच वर्षी झाले. त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडणे मी योग्य मानीत नाही. खापऱ्यांचे घर जोडते.

मच्छिंद्ररावांनी धुरपदाबाईंना एकदाच विचारले. प्रश्न सरळ होता: काय ऐकू आले? बाई म्हणाल्या, “तुमाला सांगीन, दादा. तुमचा हक्क हाय. आत्ता न्हाय.” १९८७ साली ते निवृत्त झाले. आपला हेडफोन त्यांनी कार्यालयात जमा केला. भिंतीवर लावण्यासाठी मागून घेतला नाही. पुढच्या वर्षी हृदयविकाराने ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी धुरपदाबाई आल्या. पाहुणे गेल्यावर त्या मुक्ताबाईंजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “आक्का, दादांचं एक देणं ऱ्हायलंय माझ्याकडं. तुमाला सांगून टाकते.”

मुक्ताबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “मला नगं, बाई. मला हितंच ऱ्हायचंय, ह्या भिंतीसंगट.”

फळी मुलांनी काढली नाही आणि विकलीही नाही. धुरपदाबाई आजही बेंबळीत आहेत. त्यांचे ते सांगणे त्यांच्यापाशीच आहे, आणि ते मागण्यास दुसरे कोणी अद्याप गेलेले नाही.